दळण्याचं क्रियापद कुठे बसवायचं? मालवणातलं एक प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. मालवणात चार दिवस उघडीप नव्हती, वीज सकाळपासून गेलेली. माझी एक जुनी विद्यार्थिनी आचऱ्याहून पहिल्या एसटीने माझ्याकडे आली. पिशवीतून तिने घड्या घातलेला मोठा कागद काढला आणि ओटीवर पसरला. तक्ता होता. उभ्या रकान्यांत भाषा लिहिलेल्या: वैदिक, ग्रीक, लॅटिन, गॉथिक (जुनी जर्मानिक भाषा), हित्ती (तुर्कस्तानातली प्राचीन भाषा). आडव्या ओळींत क्रियापदाचे प्रकार: लट् (वर्तमानकाळ), लुङ् आणि लिट् (संस्कृतातले दोन जुने भूतकाळ), आत्मनेपद (क्रिया कर्त्याकडेच वळते तेव्हाची रूपं), विध्यर्थ, द्विवचन. हित्तीच्या रकान्यात बहुतेक घरांत एकच शब्द होता, ‘हरवलं’. आणि तक्त्याच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘मल्लाइ = दळतो. कुठे??’

“बाई, ह्या एका शब्दान माझा सगळा अडला,” ती म्हणाली.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिला एक निबंध सादर करायचा होता. विषय तिनेच मागून घेतलेला: आद्य भारत-युरोपीय भाषेतल्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या हरवलेल्या मूळ भाषेतल्या, क्रियापदाची पुनर्रचना, आणि ती एका अभ्यासकाच्या कारकिर्दीतून. अभ्यासक निवडला होता अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे जॅसनॉफ. हातात तीन आठवडे होते. वीस पानं लिहून झाली होती, पण समासातला तो शब्द तक्त्यात जात नव्हता, आणि तो जात नाही तोवर पुढचं पान लिहायला तिचं मन घेत नव्हतं. मला हे फार आवडलं. पुष्कळ मुलं अशा वेळी समासातला शब्द खोडून मोकळी होतात.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण अडकण्यात माझाही वाटा होता. मी 31 वर्षं संस्कृत शिकवलं. हा तक्ता तिने माझ्याच वर्गात बी.ए.ला उतरवून घेतला होता. ‘हरवलं’ हा शब्दही माझाच.

तक्ता आला कुठून

1816 साली फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदं कशी चालतात हे ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांच्या शेजारी ठेवून दाखवलं. तिथून शंभर वर्षं या शास्त्राचा पाया संस्कृत आणि ग्रीक या दोन भाषांवर उभा राहिला, आणि ते साहजिक होतं. दोन्हींचं जुनं वाङ्मय मोठं, आणि दोन्हींची क्रियापदं एकमेकींशी आश्चर्य वाटावं इतकी जुळतात. ग्रीकमध्ये ‘लेइपो’ म्हणजे सोडतो, ‘एलिपोन’ म्हणजे सोडलं, ‘लेलोइपा’ म्हणजे सोडून गेलो आहे. तोच धातू आपल्याकडे रिच्: वर्तमानात ‘रिणक्ति’, लिट् लकारात ‘रिरेच’. ‘लेलोइपा’ आणि ‘रिरेच’, दोन्हीकडे पहिलं अक्षर दोनदा. (आपला ‘रिता’ हा शब्द याच धातूच्या ‘रिक्त’पासून आला आहे.) एका धातूची तीन अंगं, वर्तमानाचं, लुङ्‌चं आणि लिट्‌चं. मूळ भाषेतही अशीच तीन अंगं असणार, असं ठरलं. तक्ता तयार झाला.

मालवणात बसून हा विषय काढला की रामकृष्ण गोपाळ भांडारकर आठवतातच. त्यांचा जन्म इथलाच, 1837 सालचा. 1877 मध्ये मुंबईत त्यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली; संस्कृत, पाली, प्राकृत आणि मग आपल्या आजच्या भाषा असा सगळा ओघ त्यांत आहे. जुन्या रूपांपैकी काय उरलं आणि नवं काय घडलं, हे दोन प्रश्न त्यांनी वेगवेगळे हाताळले. तेव्हा हित्ती भाषा कुणी वाचली नव्हती. पण ‘उरलेलं’ आणि ‘नवं’ यांतला तो भेद पुढे आम्हाला फार उपयोगी पडला.

तुर्कस्तानात बोगाझक्योय इथे 1906 पासून उत्खनन झालं आणि मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. 1915 साली बेडर्झिख ह्रोझनी यांनी दाखवलं की त्यांतली भाषा भारत-युरोपीय कुळातली आहे. ज्या वाक्याने त्यांना वाट दाखवली त्यात भाकरी खाणं आणि पाणी पिणं आहे. पाण्याला शब्द ‘वातर’, आणि ‘खाल’साठी आलेलं ‘एत्सतेनि’ हे आपल्या ‘अत्ति’च्या अद् धातूचं भावंड. वेदांइतकी किंवा त्याहून जुनी लेखी साक्ष हाती आली होती.

या भाषेत क्रियापदांचे दोनच मोठे गट निघाले. पहिल्यात ‘मी’चा प्रत्यय -मि. हा गट संस्कृत जाणणाऱ्याला घरचाच वाटतो. ‘एश्मि’ म्हणजे अस्मि. ‘क्वेन्त्सि’ म्हणजे हन्ति आणि ‘कुनन्त्सि’ म्हणजे घ्नन्ति. एकवचनात स्वर आहे, अनेकवचनात तो गळला आहे, अगदी हन्ति-घ्नन्तिसारखाच. वर्गात ही जोडी फळ्यावर लिहिली की मुलं खूश व्हायची, मीही व्हायचे, आणि तास संपायचा. दुसऱ्या गटाकडे मी कधी गेलेच नाही.

दुसरा गट

त्या गटात ‘मी’चा प्रत्यय -हि. त्यातला ‘ह’ घशातून खरखरीत उच्चारायचा, जवळजवळ ‘ख’सारखा. प्रत्यय असे चालतात: -हि, -ति, -इ. ‘तो’च्या रूपात ‘त’ नाहीच. ‘दाइ’ म्हणजे तो घेतो, ‘शाक्कि’ म्हणजे तो जाणतो, ‘मल्लाइ’ म्हणजे तो दळतो.

वीज नव्हती, म्हणून आम्ही दारापाशी उजेडात बसून हे प्रत्यय सोडवायला घेतले. शेवटचा ‘इ’ बाजूला काढायचा; तो अस्मि, असि, अस्ति यांतही आहे आणि क्रिया चालू असल्याचं सांगतो. उरतं ते ‘ह’चं एक रूप, ‘त’चं एक रूप आणि निव्वळ स्वर. आता संस्कृत विद् धातूचा लिट् पाहायचा: (अहं) वेद, (त्वं) वेत्थ, (सः) वेद. निव्वळ स्वर, मग ‘थ’, मग निव्वळ स्वर. ग्रीकमध्ये ओइदा, ओइस्था, ओइदे.

‘वेत्थ’मधला ‘थ’ महाप्राण का, हा प्रश्न मी कधी वर्गात विचारला नव्हता. त्याचं उत्तर फार सुंदर आहे. फर्दिनां द सोस्यूर यांनी वयाच्या 21 व्या वर्षी, निव्वळ स्वरांच्या हिशेबावरून, मूळ भाषेत काही हरवलेले ध्वनी असले पाहिजेत असं मांडलं. ते ध्वनी कुठल्याच ज्ञात भाषेत दिसत नव्हते. 1927 मध्ये येर्झी कुरिलोविच यांनी दाखवून दिलं की त्यांपैकी एक ध्वनी हित्तीत, हव्या त्याच जागी, ‘ह’ म्हणून लिहिलेला आहे. संस्कृतात तो गेला, पण जाताना मागच्या ‘त’ला ‘थ’ करून गेला. म्हणून वेत्थ. आणि ‘अहं वेद’च्या शेवटच्या ‘अ’च्या आधी पूर्वी तोच ध्वनी होता, हित्तीच्या -हि मध्ये तो उघडपणे बसलेला आहे.

म्हणजे हित्तीच्या दुसऱ्या गटाचे प्रत्यय आणि संस्कृतच्या लिट्‌चे प्रत्यय मुळात एकच. इथवर ती स्वतःच आली होती. मी तिला पाणिनीचं सूत्र काढायला सांगितलं: ‘विदो लटो वा’, 3.4.83. विद् धातूला वर्तमानात, लट् असताना, विकल्पाने लिट्‌चे प्रत्यय लागतात. पुढचंच सूत्र ब्रू धातूचं, ज्यातून ‘आह’ हे रूप येतं. लिट्‌चे कपडे आणि वर्तमानाचा अर्थ! ‘वेद’ म्हणजे ‘जाणलं’ नाही, ‘जाणतो’. पहिल्या अक्षराचं द्वित्वही नाही, ‘विवेद’ वेगळं. पाणिनीने ही रूपं वेगळी काढून नोंदवली, त्यांना नियमात कोंबलं नाही. हे वाचताना माझा ऊर दर वेळी भरून येतो.

मग सगळं सोपं वाटू लागतं. हित्तीचा -हि गट म्हणजे जुना लिट्. वर्तमानाच्या अर्थाने वापरला जाऊ लागला, जसा ‘वेद’. ‘शाक्कि’, जाणतो, हा तर ‘वेद’चा अर्थाने जुळा भाऊ. तिने वीस पानं लिहिली होती ती याच धारेत. लिट्‌च्या ओळीत हित्तीखाली ‘शाक्कि’ लिहिला, बाकीचं ‘हरवलं’. शिवाय ‘वेवक्कि’ म्हणजे मागणी करतो, हा एक शब्द तिला सापडला होता. त्याचा धातू आपला वश्, इच्छिणे, आणि त्यात द्वित्वही दिसतं. तिला वाटलं, झालंच.

आणि मग ‘मल्लाइ’ आला.

लिट् मुळात अवस्था सांगतो. पाहिलेलं आहे, म्हणून जाणतो. गॉथिकमध्येही लिट्‌ची रूपं वर्तमान म्हणून वापरलेली आहेत, ‘वाइत’ म्हणजे जाणतो, ‘कान’ म्हणजे येतं, ठाऊक आहे. पण ती सगळी अवस्थेची क्रियापदं आहेत: जाणणे, शकणे, धजणे. दळण्यात कसली अवस्था? हित्तीतला ‘मल्लाइ’ सरळ वर्तमान आहे, माणूस बसून धान्य दळतो आहे. त्याच गटात खणण्याचं क्रियापद आहे, ‘पद्दा-’. लॅटिनमधलं खणण्याचं ‘फोदियो’ त्याच धातूचं. घेणं आहे, ओतणं आहे. शेत आणि स्वयंपाकघर भरून गेलं आहे या गटात. यांतल्या एकालाही ‘वेद’च्या वाटेने इथे आणता येत नाही.

तक्त्याच्या बाहेर, समासात ‘मल्लाइ’ का पडला होता ते मला तेव्हा कळलं.

1979: एका ग्रंथात दोन उत्तरं

या कोड्याशी झगडणाऱ्यांत वॉरन काउगिल हे फार मोठं नाव. ते येल विद्यापीठात शिकवत आणि 1985 मध्ये, साठी गाठायच्या आत गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: -हि गट लिट्‌पासून निघालेला नाही, आणि लिट् -हि गटापासून निघालेला नाही. दोघांच्या मागे एक जुनं, विशेषणासारखं, नामाच्या जवळचं क्रियारूप होतं. हित्तीच्या शाखेत त्याचा वर्तमान झाला; बाकीच्या भाषांत त्याचा लिट् झाला. हित्तीची शाखा आधीच वेगळी झाली, मग उरलेल्यांनी मिळून नवं घडवलं, हा या मांडणीचा कणा.

1979 साली इन्सब्रुकहून हित्ती आणि भारत-युरोपीय यांवरच्या लेखांचा एक संग्रह निघाला. त्यात काउगिल यांचा लेख आहे, आणि त्याच संग्रहात जॅसनॉफ यांचाही. आदल्याच वर्षी जॅसनॉफ यांचं अवस्थावाचक क्रियापद आणि आत्मनेपद यांवरचं पुस्तक आलं होतं. 1979 च्या लेखात त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा दावा: आद्य भाषेतच -मि गटाच्या शेजारी क्रियापदांचा आणखी एक गट होता, ज्याला ‘वेद’सारखे प्रत्यय लागत. त्यात अवस्था होत्या तशाच दळणं, खणणं यांसारख्या कृतीही होत्या. लिट् हा त्या गटाचा एक सभासद. गट त्याच्यातून निघालेला नाही. आत्मनेपदाचे जुने प्रत्ययही याच घराण्यातले.

म्हणजे ‘मल्लाइ’ला लिट्‌च्या दारातून आत यायची गरजच नाही. तो आधीपासून घरात होता.

मला जे भावलं ते यानंतरचं. 1979 च्या लेखापासून संपूर्ण मांडणीचं पुस्तक यायला 2003 साल उजाडलं. मधली चोवीस वर्षं, आधी कॉर्नेलला आणि 1998 पासून हार्वर्डला शिकवताना, त्यांनी एकेका भाषेत जाऊन त्या गटाचे अवशेष शोधले. दळण्याचंच क्रियापद घ्या. गॉथिक ‘मालान’ आणि लिथुआनियन ‘मालु’ मूळचा ‘ओ’ दाखवतात. जुन्या आयरिशमधलं ‘मेलिद’ मूळचा ‘ए’ दाखवतं. एकाच धातूचं एकच वर्तमान दोन स्वरांत का विखुरलं? त्यांचं उत्तर असं की मूळ भाषेत एकाच क्रियापदात हे दोन्ही स्वर आलटून पालटून येत होते, एका अंगात ‘ओ’, दुसऱ्यात ‘ए’. पुढे प्रत्येक भाषेने एकेक उचलला. हित्तीत ‘शाक्कि’चं अनेकवचन ‘शेक्क-’ने होतं, त्यात ही अदलाबदल अजून दिसते असं ते धरतात. मध्य आशियातल्या जुन्या तोखारी भाषेतून, स्लाव भाषांतून, लुङ्‌च्या ‘स’मधूनही त्यांनी धागे ओढले आहेत. ते सगळं इथे सांगत नाही. माझ्या विद्यार्थिनीने सहा पानं त्यालाच दिली आहेत आणि ती तिची आहेत.

हे उत्तर सर्वमान्य झालेलं नाही. आजही जाणती मंडळी -हि गट लिट्‌शी किंवा त्याच्या पूर्वजाशी जोडतात, आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. विद्यार्थिनीला याचाच सर्वांत जास्त त्रास झाला. तिला वाटत होतं, तक्ता भरायचा तर कुणीतरी एक बरोबर असला पाहिजे.

आचऱ्याला

चार दिवसांनी पाऊस ओसरला आणि मी तिच्या घरी गेले. तिची आजी चुलीपाशी होती. झाकण उचलून शीत चेपून पाहिलं आणि आतूनच म्हणाली, “भात शिजलो गो, येवा.”

त्या एका शब्दावर आमचा पुढचा तास गेला. ‘शिजणे’ आलं ‘सिध्यति’पासून, प्राकृतात ‘सिज्झइ’. ‘ध्य’चा ‘ज्झ’ झाला, पुढे ‘ज’. म्हणजे शिजण्यातला ‘ज’ हा धातूतला ‘ध’ आणि वर्तमानाचा ‘य’ यांच्या मिलाफातून आला आहे. तो ‘य’ आद्य भाषेपासून चालत आलेला प्रत्यय. संस्कृतात तो फक्त वर्तमानाच्या अंगात असायचा, ‘सिद्ध’मध्ये नाही. मराठीने तो धातूचाच भाग करून टाकला, म्हणून आजी ‘शिजलो’ म्हणते तेव्हा भूतकाळातही वर्तमानाचा तो जुना ‘य’ भातात शिजत असतो. तसंच ‘नृत्यति’चं नाचणं, ‘वाद्यते’चं वाजणं, ‘युध्यते’चं झुंजणं, ‘उत्पद्यते’चं उपजणं. ‘लिम्पति’मधला मधोमध घुसलेला अनुनासिकही आद्य काळातला; आजीने खळं लिंपलं तेव्हा तो तिच्या तोंडी होता.

‘पिबति’त पहिला ‘पि’ हे द्वित्व, धातू पुढच्या ‘ब’मध्ये उरलेला. प्राकृतात ‘पिअइ’, मराठीत ‘पितो’. ‘ब’ गळला. म्हणजे आपण पाणी पितो तेव्हा धातू गेलेला आहे आणि द्वित्व तेवढं राहिलं आहे. हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग मी तिला विचारलं: समज, संस्कृत, पाली, प्राकृत सगळं नष्ट झालं, फक्त मराठी उरली. मराठीत लिट् आहे का? नाही. द्विवचन? नाही. आपला साधा भूतकाळ कृदन्तावर, म्हणजे धातूपासून केलेल्या विशेषणावर, चालतो. ‘मी आंबा खाल्ला’ म्हणजे ‘माझ्याकडून आंबा खाल्लेला’, म्हणून क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाने चालतं. असा अभ्यासक मराठीवरून काय म्हणेल? ‘या कुळात लिट् कधी नव्हता.’ आणि तो चुकेल. मराठीच्या बाबतीत आपल्याला पक्कं माहीत आहे की लिट् हरवला, कारण तो हरवताना दिसतो. वेदात भरपूर, पुढे पालीत ‘आह’सारखी दोनचार रूपं, मग तीही गेली.

हित्तीच्या बाबतीत असं मधलं काही दिसत नाही. म्हणून ‘हरवलं’ लिहायचा अधिकार मला नव्हता. मी एकतीस वर्षं तो शब्द फळ्यावर लिहिला, कारण संस्कृतात जे आहे ते मूळचं आणि जिथे ते नाही तिथे ते गळलं, असं मी धरूनच चालले होते. तिला मी ते तसंच सांगितलं. तिच्या वीस पानांची अडचण माझ्या त्या गृहीतात होती.

उलटं उदाहरणही तिला तिच्याच गोठ्यात मिळालं. आजीची गाय व्यालेली. ‘गाय दुभता’, आजी म्हणाली. धार आपण काढतो, पण दुभते ती गाय. संस्कृतात हाच फरक परस्मैपद आणि आत्मनेपदाने दाखवतात: गवळी ‘दोग्धि’, गाय ‘दुग्धे’. पण वेदात गायीसाठी ‘दुहे’ येतं. ‘त’ नाही. तसंच ‘शेते’च्या जोडीला ‘शये’, निजतो. पाणिनी म्हणतो, ‘लोपस्त आत्मनेपदेषु’, 7.1.41: वेदात आत्मनेपदात ‘त’चा लोप होतो. भाषेचं वर्णन म्हणून हे चोख आहे. ‘शेते’ सगळीकडे, ‘शये’ मोजक्या जागी, मग ‘त’ गेला असंच म्हणायचं. तुलनेने पाहिलं तर उलट निघतं. निव्वळ स्वराचा प्रत्यय जुना, ‘त’ मागाहून -मि गटाच्या ‘ति’वरून आला. हित्तीतही आत्मनेपदात दोन्ही प्रत्यय शेजारी शेजारी आहेत. ‘शये’मध्ये काही हरवलेलं नाही. तिथे ‘त’ कधी नव्हताच.

“म्हणजे बाई, लोप म्हटलंला ता मुळात नव्हताच, आणि मराठीत नसलेला ता खराच हरवला,” ती म्हणाली.

हेच ते. दोन्ही ठिकाणी आज डोळ्यांना दिसते ती रिकामी जागा, आणि दोन्हीची कहाणी उलट. कुठली कोणती हे रिकाम्या जागेकडे बघून ठरत नाही. आजूबाजूला काय उरलं आहे त्यावरून ठरतं. ‘वेवक्कि’ तिने इथे पुन्हा काढला. द्वित्व आहे, अर्थही इच्छेचा, लिट्‌चा अवशेष असू शकतो. पण एका शब्दावर अख्खा काळ उभा करायचा का? तिने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, खोडला नाही.

निबंधाचं काय झालं

वीसपैकी तेरा पानं तिने बाजूला ठेवली. तक्ता नव्याने आखला. हित्तीच्या रकान्याचे तीन भाग केले: ‘गेल्याचा पुरावा आहे’, ‘मुळात नसल्याचा पुरावा आहे’, ‘ठरलेलं नाही’. तिसरा भाग सर्वांत मोठा झाला. सादर करताना तो भाग दुबळा वाटेल अशी तिला भीती होती. मी म्हटलं, त्या भागात लिहिताना प्रत्येक ओळीला कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर, हे लिही, मग तो दुबळा राहणार नाही. तिने तसं केलं. काउगिल यांची बाजू तिने इतक्या मनापासून मांडली की वाचताना मला वाटलं ती त्यांच्याकडेच झुकली आहे. पुढच्या पानावर कळलं की नाही.

जॅसनॉफ यांच्या कारकिर्दीचा भाग तिने शेवटी घेतला, आणि पदांची यादी देण्याऐवजी 1979 आणि 2003 मधल्या अंतराची गोष्ट सांगितली. माझ्या मते निबंधातलं ते सर्वांत चांगलं पान. एक माणूस पंचवीसेक वर्षं एका गटाला विचारतो आहे की तू इथे कसा आलास. त्याला सोपं उत्तर उपलब्ध होतं. ते दळण्याच्या क्रियापदाला लागू पडत नव्हतं, म्हणून त्याने ते घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये तिने निबंध वाचला. प्रश्नोत्तरांत एका प्राध्यापकांनी विचारलं, जर तो गट मुळात इतका मोठा होता तर संस्कृतात त्यातली दळण्या-खणण्याची वर्तमानं कुठे गेली? प्रश्न रास्त होता आणि बोचणाराही. तिने सांगितलं की जॅसनॉफ यांच्या मते बहुतेक भाषांनी ती -मि गटाच्या साच्यात ओतली, स्वर तेवढे मागे राहिले. पण संस्कृतात ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्हींचा ‘अ’ झाल्यामुळे तो स्वराचा पुरावाच पुसला गेला, म्हणून या प्रश्नावर संस्कृतची साक्ष इथे कमी पडते. संस्कृतच्या विभागात उभं राहून हे म्हणायला धीर लागतो. फोनवर हे सांगताना तिचा आवाज थोडा कापत होता.

गणपतीला ती घरी आली तेव्हा मूळ कागद माझ्याकडेच ठेवून गेली. समासातली पेन्सिल खोडलेली नाही. तिच्याखाली शाईने लिहिलं आहे: ‘मल्लाइ: इथेच राहू दे. रकाना नंतर आखू.’ आजीला तिने हित्ती भाषेत दळतो याला काय म्हणतात ते सांगितलं होतं. आजीचं जातं आता पडवीच्या कोपऱ्यात उभं असतं, दळण गिरणीत जातं. ती म्हणे दोनदा पुटपुटली, “मल्लाइ, मल्लाइ,” आणि विचारलं, “आणि कांडूक काय म्हणत?”

त्याचं उत्तर आम्ही दोघी अजून शोधतो आहोत. माझ्या जुन्या टिपणांच्या वहीत ‘हित्तीने हरवलेले काळ’ असा मथळा आहे. त्याखालची यादी मी खोडलेली नाही, एकेका ओळीपुढे पुरावा लिहायला घेतला आहे. सध्या द्विवचनापाशी थांबले आहे.